सुवार्ताची तहान

रंगराव रणनवरे वाईट माणूस नव्हता. त्याने जे केलं ते ऐकल्यावर लोक हे मानायला तयार होत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण त्याची बायको मंदाकिनी, जिला त्याचा सगळ्यांत जास्त राग यायला हवा होता आणि आलाही, ती अजूनही कुणी त्याला राक्षस म्हटलं की म्हणते, "राक्षस असता तर मी माझी मुलगी त्याच्यापाशी ठेवून गेले असते का?"

पुण्याच्या बिबवेवाडीत, अप्पर म्हणतात त्या वस्तीच्या चढावर, दोन खोल्यांत ही तिघं राहत. रंगराव पिंपरीकडच्या एका कारखान्यात लेथवर होता. मंदाकिनी मार्केट यार्डाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स. दोघंही नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतली. आजोबा-पणजोबांपासून चर्च होतं, रविवारची उपासना होती, जेवणाआधीची प्रार्थना होती. त्यात विशेष काही करतो आहोत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी सुवार्ता. नऊ वर्षांची असताना ती अचानक वाळायला लागली, सारखी पाणी मागू लागली आणि एक दिवस शाळेत चक्कर येऊन पडली. मधुमेह निघाला. लहान मुलांना होतो तो, गोळ्यांनी न भागणारा. आता जन्मभर रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात फ्रिज नव्हता. औषधाची बाटली प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत घालून माठात सोडलेली असे.

सकाळचं इंजेक्शन मंदाकिनी द्यायची, संध्याकाळचं रंगराव. तो ते संत्र्यावर टोचून शिकला होता. लेथवर काम करणाऱ्या माणसाचा हात इतका हलका असेल असं वाटत नसे. सुवार्ता म्हणायची, "आई नर्स आहे, पण तिचं दुखतं. पप्पांचं कळतच नाही."

नव्याण्णव साली कारखान्यात परदेशी भागीदार आला. त्याच्यामागून संगणकावर चालणारी यंत्रं आली, आणि यंत्रांमागून आलेल्या कागदाचं नाव होतं स्वेच्छानिवृत्ती. त्यात इच्छा कुणाची होती ते कामगारांना माहीत होतं. रंगराव घरी आला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. पैशाचं कसंबसं भागत होतं, मंदाकिनीचा पगार होता. प्रश्न तो नव्हता. तो कॉटवर बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. दाढी वाढली. मुलीला इंजेक्शन द्यायला तेवढा उठायचा. त्याला एकच गोष्ट हवी होती, हे का झालं ते कुणीतरी सांगावं.

त्यांच्या चर्चचे पाळक, रेव्हरंड पाटोळे, उपासनेनंतर दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत. रंगरावने तिथे, लोकांच्या रांगेत त्यांना विचारलं, "साहेब, बावीस वर्षं इमानाने काम केलं. दारू नाही, विडी नाही. देवाचा यात काय हेतू असेल?"

पाटोळे पुण्याचेच. ते म्हणाले, "रंगराव, मला तो कळला असता तर मी तुम्हाला पत्राने कळवला असता."

मागचे दोघं-तिघं हसले. रंगरावही हसल्यासारखं करून बाहेर पडला आणि त्यानंतर त्या चर्चला गेला नाही.

उत्तरेश्वर त्याला भेटला तो मार्केट यार्डात. हा पूर्वी बटाट्याच्या ट्रकांची दलाली करायचा. आता लोक त्याला ब्रदर उत्तरेश्वर म्हणत. मिरचीच्या गोदामावरच्या मजल्यावर त्याच्या सभा भरायच्या. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, त्यातलं थोडं मिरचीचंही असेल. उत्तरेश्वरने रंगरावचे दोन्ही हात हातात घेतले, तळव्यांवरचे घट्टे निरखले आणि म्हणाला, "भाऊ, यंत्राने तुझी नोकरी खाल्ली नाही. देवाने तुला सोडवून घेतलंय. हे हात त्याला हवे होते."

रंगराव तिथल्या तिथे हुंदके देऊन रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली.

मंदाकिनीला बरं वाटलं, हे ती लपवत नाही. नवरा परत माणसात आला. गाणी म्हणू लागला, भाजी निवडून ठेवू लागला, मुलीशी हसू-बोलू लागला. आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करायला उत्तरेश्वर त्याला सोबत नेत असे. संध्याकाळी तो घरी आला की सुवार्ता दारातच विचारायची, "पप्पा, आज कोण बरं झालं?" आणि तो रंगवून रंगवून सांगायचा.

मग एका रविवारी सुवार्तालाच पुढे उभी केली. उत्तरेश्वरने तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली आणि ही मुलगी या घटकेपासून बरी झाली आहे, असं ओरडून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुवार्ता लाजली. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या संध्याकाळी मंदाकिनीने स्वतःच सिरिंज भरली.

"आज कशाला?" रंगराव म्हणाला.

"काल कशाला दिलं होतं?"

"मंदा, सगळ्या मंडळीसमोर जाहीर झालंय."

"तिच्या साखरेला कुणी कळवलंय का?"

त्याचा चेहरा पुन्हा कॉटवर बसायचा तेव्हासारखा झाला, आणि सुवार्ता तो बघत होती.

ती तेरा वर्षांची झाली त्या वर्षी राहुरीला मंदाकिनीची आई मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ नव्हता, बहीण नव्हती, मंदाकिनीलाच जावं लागणार होतं. सुवार्ताची परीक्षा तोंडावर होती, तिला नेता येत नव्हतं. निघायच्या सकाळी मंदाकिनीने पवित्र शास्त्र आणून रंगरावपुढे ठेवलं.

"यावर हात ठेवा आणि सांगा, दोन्ही वेळचं इंजेक्शन देईन."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे. उत्तरेश्वरवर नाही."

त्याने हात ठेवला. शब्द दिला. आणि सुरुवातीला तो त्याने पाळलाही, नंतर पोलिसांनी बाटलीतलं औषध मोजलं तेव्हा ते कळलं.

मग उत्तरेश्वर घरी आला. पाणी प्यायला म्हणून माठावरचं झाकण काढलं तर आत डबी तरंगत होती. त्याने ती बाहेर काढली, उघडून पाहिली आणि परत पाण्यात सोडली. म्हणाला, "रंगराव, तुझा विश्वास असा माठात बुडवून ठेवतोस होय?" एवढंच. औषध बंद कर असं तो म्हणाला नाही. तसं तो कधीच कुणाला म्हणत नसे.

संध्याकाळी रंगरावने मुलीला जवळ बसवलं. "तुला काय वाटतं बाळा? तू बरी झालीस ना?"

ज्या पोरीने बापाला महिनोन्‌महिने भिंतीकडे बघत बसलेला पाहिलं होतं, ती त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "हो पप्पा."

त्या संध्याकाळी डबी माठातच राहिली.

तहान पहिल्याच रात्रीपासून लागली असणार. सुवार्ताला आपला आजार चांगला माहीत होता, तहान म्हणजे काय हेही तिला माहीत होतं. तिने ती लपवली. माठाशी गेलं की वडिलांना दिसेल, म्हणून ती मोरीत जायची, कडी लावून बादलीतलं पाणी मगाने प्यायची आणि तोंड पुसून बाहेर यायची. रंगरावला ती पुन्हा पुन्हा मोरीत जाताना दिसत होती. परीक्षेची धास्ती असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. नंतर उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागलं. ती अंथरुणावर पडली आणि लांबून पळत आल्यासारखी मोठमोठ्याने श्वास घेऊ लागली.

रंगराव घाबरला. त्याने माठातून डबी काढलीही. ती हातात धरून तो स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभा राहिला. टोचलं तर एवढे दिवस जे मानलं ते सगळं खोटं. नोकरी नुसतीच गेली, कशासाठीच गेली नाही. त्याने डबी पुन्हा माठात सोडली आणि उत्तरेश्वरला बोलावणं पाठवलं.

उत्तरेश्वर सात-आठ जणांना घेऊन आला. दार लावून घेतलं. गाणी सुरू झाली, डफ वाजू लागला.

शेजारी सुशीलाबाई राहत. बुलढाण्याकडच्या. नवरा कोंडीराम कात्रजच्या डेअरीत कामाला होता. सुवार्ताला त्या रोज शाळेत जाताना बघत, आणि आता ती दोन दिवस दिसली नव्हती. त्यांनी दार वाजवलं.

"भाऊ, पोरगी कशी हाय? एकडाव पाहू द्या मले!"

आतून गाण्याचा आवाज वाढला. त्यांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. सुवार्ता माणसांच्या मधोमध निजली होती, ओठ फुटले होते, डोळे अर्धवट उघडे. सुशीलाबाई धावत कोपऱ्यावरच्या फोनच्या टपरीवर गेल्या, डेअरीत फोन लावला, मग मंदाकिनीने देऊन ठेवलेल्या राहुरीच्या दुकानाच्या नंबरावर. कोंडीराम आला आणि त्याने लाथ मारून कडी उखडली. त्याने मुलीला उचललं. रिक्षापाशी पोचल्यावर त्याने वळून पाहिलं, बाप मागे येतोय का म्हणून.

रंगराव उंबऱ्यापर्यंत आला होता. उत्तरेश्वरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता बाहेर पडलास तर पोरीला तूच मारलंस." रंगराव आत वळला आणि खाली बसला.

मंदाकिनी सरकारी दवाखान्यात पोचली तेव्हा दिवस मावळत होता. सुवार्ताला सलाइन, इन्सुलिन, सगळं चालू होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने, समोर नर्स उभी आहे हे कळल्यावर, खोटा धीर दिला नाही. "फार उशिरा आणलंय, सिस्टर."

मंदाकिनीने मुलीचा हात धरला. बऱ्याच वेळाने सुवार्ताने डोळे उघडले. ओळखलं. जीभ टाळ्याला चिकटत होती, शब्द नीट फुटत नव्हते.

"आई. मी पाणी प्यायले."

"पी ना बाळा. देते मी."

"नाही. घरी. चोरून प्यायले. माझा विश्वास कमी पडला. म्हणून झालं का गं हे?"

मंदाकिनी म्हणाली, "नाही. नाही गं माझी राणी. तुझं काही चुकलं नाही." तिने ते किती वेळा म्हटलं ते तिलाच माहीत नाही. मुलीने ऐकलं की नाही, हेही तिला आजवर कळलेलं नाही. सुवार्ताचे डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दफनाला उत्तरेश्वर आला, पांढऱ्या शर्टात, आपली माणसं घेऊन. रेव्हरंड पाटोळ्यांची प्रार्थना संपते न संपते तोच तो कबरीच्या कडेला पुढे झाला. म्हणाला, "दुःख आहे, पण खरं बोललं पाहिजे. या घरात दोन मनं होती. बापाच्या मनात विश्वास होता. आईच्या मनात औषध होतं. देव अशा घरात काम कसं करणार? तरी याच्यातही त्याचा हेतू आहे."

मंदाकिनीने रंगरावकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता, आणि ती मान हलकेच हलली. हो म्हणून.

इंजेक्शन दिलं नाही, दार उघडलं नाही, रिक्षात बसला नाही, यातलं काही एक दिवस कदाचित गिळता आलं असतं. मुलीच्या कबरीवर त्याने मान डोलवली, ते तिच्या घशाखाली कधीच उतरलं नाही.

डॉक्टरांनी पोलिसांत कळवलं होतं. जबाब घ्यायला हवालदार यायच्या आदल्या दिवशी थोरला दीर रावसाहेब नगरहून आला. खुर्चीत बसून, चहा घेऊन त्याने समजावलं, "मंदाकिनी, मुलगी गेली ती गेली. आता नवऱ्याला आत घालून काय मिळणार आहे? उगाच आपल्या ख्रिस्ती समाजाची बदनामी. आधीच दिवस कसे आहेत, तू बघतेयस."

"समाजाची मुलगी गेली असती तर समाजाला विचारून जबाब दिला असता," मंदाकिनी म्हणाली. रावसाहेबाने कप ठेवला आणि तो त्या घराची पायरी पुन्हा चढला नाही.

तिने सगळं होतं तसं सांगितलं. चौकीत उत्तरेश्वरलाही बोलावलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "मी प्रार्थना केली, साहेब. प्रार्थना हा गुन्हा नाही. औषध बंद करा असं माझ्या तोंडून कुणी ऐकलंय का? विचारा यांना." त्याने रंगरावकडे बोट केलं.

रंगराव आठवू लागला. फौजदार, हवालदार, मंदाकिनी, सगळे त्याच्याकडे बघत थांबले. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "तसं ते म्हणाले नाहीत."

उत्तरेश्वर त्या दिवशी घरी गेला. त्याचं पुढेही काही वाईट झालं नाही. रंगरावने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दीड वर्षासाठी येरवड्याला गेला.

मंदाकिनी एकटी राहिली. कामावर जायची, यायची. प्रार्थना करता येईना. गुडघे टेकले की तोंडून शिव्या यायच्या, आणि तिला त्याची लाजही वाटेनाशी झाली होती. रेव्हरंड पाटोळे एका दुपारी आले. थकलेले दिसत होते.

"मी त्याला हसण्यावारी नेलं नसतं त्या दिवशी, तर," ते म्हणाले आणि थांबले.

"ते सोडा," मंदाकिनी म्हणाली. "मला सांगा, तिला एवढी तहान लागली होती तेव्हा देव कुठे होता? त्याचा काय हेतू होता?"

"मला माहीत नाही, बाई. ज्यांना माहीत होतं त्यांनी काय केलं ते आपण पाहिलंच."

ते तासभर बसले. काही बोलले नाहीत, शास्त्रही उघडलं नाही. जाताना उंबऱ्यात अडखळले. ते गेल्यावर मंदाकिनीला कितीतरी दिवसांनी नीट रडता आलं, आणि रडता रडता ती मोठ्याने म्हणाली, "मला कारण सांगू नकोस. तू सांगितलंस तरी मी ऐकणार नाही. मी आता काय करू तेवढं सांग, नाहीतर मलाही ने."

उत्तर आलं नाही. पण त्या रविवारी चर्चला म्हणून बसमध्ये बसलेली मंदाकिनी मार्केट यार्डच्या थांब्यावर उतरली. ते देवाचं सांगणं होतं की तिचा स्वतःचा संताप, हे तिला ठरवता आलं नाही. तिने ठरवायची वाटही पाहिली नाही. जिना चढून ती सभेत गेली आणि गाणं थांबल्यावर उभी राहिली.

"माझी मुलगी सुवार्ता. तिला इथे, या जागी बरी केली होती. ती मेली. मरताना ती मला म्हणाली, मी चोरून पाणी प्यायले, माझा विश्वास कमी पडला. तुमच्यापैकी कुणी घरातलं औषध बंद केलं असेल तर आज घरी जाऊन सुरू करा. प्रार्थना करा आणि औषधही द्या."

बायकांनीच तिला धरलं. एकीने दंडाला चिमटा काढला, एकीने तोंडात मारली. बांगडी फुटून मनगटात घुसली. जिन्यावरून उतरवताना मागून कुणीतरी म्हणालं, "स्वतःची पोरगी खाल्ली, आता आमची खायला आलीय."

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. दार बंद होतं, म्हणून खाली जिन्याशी उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत राहिली. लोक तिच्या अंगाला अंग लागू नये म्हणून पदर सावरून जात. एकदा वरून कुणीतरी चूळ टाकली, ती तिच्या केसांत पडली. कुणी हॉस्पिटलात फोन करून ती वेडी असल्याचं कळवलं. मेट्रनने बोलावून विचारलं, "मंदाकिनी, हे सगळं कशासाठी?" पुढच्या रविवारी ती पुन्हा जिन्याशी उभी होती.

उत्तरेश्वरची सभा वाढली. मिरचीचं गोदाम सोडून ती कोंढव्याकडच्या वातानुकूलित हॉलमध्ये भरू लागली. तिथे गिटार आली, पडद्यावर गाण्याच्या ओळी आल्या, सॉफ्टवेअर कंपन्यांतली शिकलेली मुलं-मुली गाड्यांतून येऊ लागली. मंदाकिनी तिथेही फाटकाबाहेर उन्हात उभी राहायची. वॉचमन तिला कधी कधी आपली खुर्ची देई. तिचं कुणी ऐकत नव्हतं.

एका मंगळवारी हॉस्पिटलात एक तरुण बाई तिला शोधत आली. कडेवर तीन वर्षांचा मुलगा. तिचं नाव पूर्णिमा, माहेर नागपूरचं, हिंजवडीला मोठ्या कंपनीत नोकरी. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मंदाकिनीला ती गाडीच्या काचेतून दर रविवारी पाहत आली होती.

"काकू, हा सोनू. याला फिट्स येतात. गोळ्या होत्या. त्यांनी सांगितलं नाही बंद करा म्हणून. आम्हीच केल्या. काल तीनदा आली. आता हा मला नीट ओळखत नाहीये."

मंदाकिनीने मुलाला घेतलं आणि बालरोगतज्ज्ञांकडे पळत गेली. सोनू वाचला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप अभिनव आला आणि त्याने वॉर्डात सगळ्यांसमोर मंदाकिनीवर, औषध का दिलं म्हणून, इंग्रजीत आरडाओरडा केला. तिला त्यातलं पुरेसं कळलं. ती सोनूची सलाइन तपासत राहिली. तो दमून गप्प झाला तेव्हा म्हणाली, "आवाज कमी करा. तो आत्ताच झोपलाय."

घरी सोडायच्या दिवशी पूर्णिमा तिच्या पाया पडू लागली. "काकू, मला आता कळतंय. देवाने तुम्हाला एवढं दुःख दिलं ते यासाठीच, की माझा सोनू..."

"हे वाक्य पुरं करू नकोस," मंदाकिनी म्हणाली. "माझी मुलगी म्हणजे तुझ्या मुलाचं औषध नव्हती."

मंदाकिनीने गोळ्यांची पाकिटं तिच्या पर्समध्ये ठेवली, कधी आणि किती द्यायच्या ते दोनदा वदवून घेतलं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने गुडघे टेकले. शिवी आली नाही. "हे काम तू दिलंस, असं मी मानते," ती म्हणाली. "ते मरण तू दिलंस, असं मी कधी मानणार नाही. तुला चालत असेल तर असंच चालेल." तेव्हापासून ती अशीच प्रार्थना करते.

शिक्षा संपवून रंगराव आला तो सरळ घरी. केस पांढरे झालेले, खांदे पडलेले. मंदाकिनीने दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. तो पायरीवर बसला. ती दारात उभी राहिली.

"आत कुणाला तरी विचारायचो मी," तो म्हणाला. "तिथेही पाळक यायचे, शास्त्र शिकवायचे. कुणाला सांगता आलं नाही. तू तरी सांग, मंदा. हे का झालं?"

"तुम्ही इंजेक्शन दिलं नाहीत म्हणून."

तो तिच्याकडे बघत राहिला. आणखी काही येईल म्हणून थांबला असावा.

"देवाचा त्यात काही हेतू..."

"हेतू तुमचा होता. तुम्हाला तुमच्या नोकरीचं कारण हवं होतं. तिने ते तुम्हाला दिलं. बापाने मागितलं म्हणून पोरीने दिलं." तिचा आवाज चढला नव्हता. "कबरीपाशी तुम्ही मान हलवलीत. ती मी पाहिली."

रंगरावच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून सुशीलाबाई बाहेर आल्या. त्यांनी पाहिलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तो बराच वेळ पायरीवर कोसळून होता. मंदाकिनीने त्याला हात लावला नाही, आणि दारही लावलं नाही. शेवटी तो उठला, म्हणाला, "हो. मीच." आणि चढ उतरून गेला.

त्याला कात्रजला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी मिळाली. तिथेच जिन्याखाली राहू लागला. काही महिन्यांनी तो जुन्या चर्चमध्ये दिसू लागला. सगळ्यांत मागच्या बाकावर बसायचा, उपासना संपायच्या आत निघून जायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांना दिला जाई. सगळे उठून वेदीपुढे गुडघे टेकायला जात, तो बसून राही. त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे.

एका पहिल्या रविवारी मंदाकिनी पुढे जायला उठली आणि उलटी वळली. तिच्या मागच्या लोकांना बाजूला व्हावं लागलं. ती मागच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

"चला."

रंगरावने मान वर केली नाही. "मला नाही जमणार."

"मी माफ केलेलं नाही. होईल की नाही माहीत नाही. पण उठा."

तो उठला नाही. ती एकटीच पुढे गेली, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. पाटोळ्यांनी प्याला तिच्या ओठांना लावला. ती परत जागेवर आली तेव्हा मागचा बाक रिकामा होता.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा मागे गेली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. लोक आता न सांगता बाजूला होत. कुणी कुजबुजत, कुणाला ते पाहवत नसे. चौथ्या खेपेला ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली, आणि रंगराव बाकाच्या पाठीला धरून उठला. मधल्या वाटेवरून ती पुढे, तो चार पावलं मागे, असे दोघं गेले. कठड्याशी त्याने तिच्या शेजारी गुडघे टेकले. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाटोळे भाकरीचं ताट घेऊन समोर आले, तेव्हा तिने तळहात पुढे केला. त्याचा हात वर येईना, तेव्हा पाळक त्याच्यासमोर थांबून राहिले.